मुर्नीचा लॅपटॉप

लॅपटॉप घ्यायचा होता मुर्नीला, पण आठवडाभर तयारी चालली होती तिच्या नवऱ्याची, विरात्नोची. त्याने शेजाऱ्यांना विचारलं, जावयाला फोन केला, आणि योग्याकार्ता शहरातल्या कॉम्प्युटरच्या मोठ्या दुकानात पाऊल टाकलं तेव्हा त्याला सगळं ठाऊक झालेलं होतं.

ठाऊक असायला कारणही होतं. विद्यापीठामागच्या गल्लीत त्याचं एके काळी तासावर कॉम्प्युटर भाड्याने देण्याचं दुकान होतं. प्रबंध जमा करायचे दिवस आले की मुलं बाकावर नंबर लावून बसत. प्रिंटर करकरत राही, कुणी तिथेच नूडल्स खाई, आणि फ्लॉपी उघडेना झाली की रडवेल्या तोंडाने विरात्नोकडे धाव घेई. आत मुर्नी. ज्यांना टाइप करता येत नसे त्यांची पानंच्या पानं ती बडवून द्यायची. पुढे ज्याच्या त्याच्या पाठीवर लॅपटॉप आला आणि दुकान बंद पडलं. आता तिथे कोंबडी तळतात. तरी कॉम्प्युटरचा विषय निघाला की विरात्नोचा आवाज अजून तसाच चढायचा.

"इबू, कशासाठी हवाय?" दुकानातल्या गालुह नावाच्या मुलीने मुर्नीला अदबीने विचारलं.

उत्तर विरात्नोनेच दिलं. "नातवाशी बोलायला. आमची मुलगी लांब बालिकपापानला असते ना. पण घ्यायचा तर दणकट घेऊ. प्रोसेसर सगळ्यात वरचा, आणि ग्राफिक्स कार्ड वेगळं हवं."

"बापाक, गेम खेळता का तुम्ही?"

"पत्ते खेळतो."

"पत्त्यांना एवढं लागत नाही," गालुह हसू दाबत म्हणाली. "आणि हा उचलून बघा. वीट आहे वीट."

"असू दे. पुढे उपयोगी पडतं."

"आपल्या पहिल्या मशीनच्या वेळीही हेच म्हणाला होतात तुम्ही," मुर्नी म्हणाली आणि शेजारच्या टेबलाकडे वळली. तिथे राखाडी रंगाचा एक लॅपटॉप उघडा होता. ती खुर्चीत बसली, दहाही बोटं कळांवर ठेवली आणि लिहू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "याच्या कळा दाबल्या की खाली जातात आणि परत येतात. मघाशी त्या विटेवर दाबून पाहिलं, नुसती फरशी बडवल्यासारखं वाटलं. पोरी, यात पाच-पन्नास कागद उघडे ठेवून शेजारी लिहिता येईल का? अडकणार नाही ना?"

गालुहने तिच्याकडे नीट पाहिलं. "मग आठ जीबी रॅम कमी पडेल, इबू. सोळा घ्या. ग्राफिक्स कार्ड सोडून द्या, त्याचे पैसे रॅममध्ये आणि मोठ्या स्क्रीनमध्ये घाला. डोळ्यांना बरं."

कागद कसले, असं विरात्नो विचारणार, तेवढ्यात एक तरुण गिऱ्हाईक टेबलाशी आलं. त्याला तोच लॅपटॉप बघायचा होता. मुर्नी लगेच उठली. डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने तिने कीबोर्ड पुसला, खुर्ची मागे ओढली आणि म्हणाली, "या, बसा."

विरात्नो जागच्या जागी थांबला. हे पुसणं, ही खुर्ची ओढणं त्याने वर्षानुवर्षं पाहिलं होतं. सकाळी दुकान उघडलं की मुलं यायच्या आधी मुर्नी खिडकीजवळच्या मशीनवर बसायची आणि स्वतःचं काहीतरी लिहायची. दारात चपला वाजल्या की उठायची. या, बसा. लग्न झालं तेव्हा ती शेवटच्या वर्षाला होती. पाठीवर टोपली बांधून जामू या औषधी काढ्याच्या बाटल्या दारोदार विकणाऱ्या आपल्या गावच्या बायकांवर तिचा प्रबंध चालला होता. गल्लीतल्या निम्म्या मुलांचे प्रबंध त्या दुकानात पुरे झाले. तिचा कुठे थांबला, हे विरात्नोने कधी विचारलंच नव्हतं. तिला दुकानाचीच आवड आहे, असं तो धरून चालला होता.

"भाऊ, जरा थांबाल का?" तो त्या तरुणाला म्हणाला. "ही बसली होती इथे."

"माझं झालंय," मुर्नी म्हणाली.

"कुठे झालंय? बस तू."

तरुण दुसऱ्या टेबलाकडे गेला. मुर्नी बसली, पण तिची बोटं कळांवर नुसतीच राहिली.

"काय लिहायचंय?" विरात्नोने हळूच विचारलं.

"दूरशिक्षणाला नाव घातलंय. जुने काही विषय ते धरतात. उरलेलं पुरं करायचं."

"कधी घातलंस?"

"ईदच्या आधी."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही म्हणाला असतात, मी टाइप करून देतो."

"मी? दोन बोटांनी?"

मुर्नी इतकी हसली की गालुहही हसली. विरात्नोलाही हसू आलं, आणि तो उगीच चार्जरची वायर न्याहाळत राहिला. मग त्याने गालुहला तोच राखाडी लॅपटॉप बांधायला सांगितला. सोळा जीबी, मोठी स्क्रीन, ग्राफिक्स कार्ड नाही.

महिन्याभराने दोघं मोटरसायकलवरून सुकोहार्जोकडच्या तिच्या गावी गेली. मुर्नी तरुणपणी प्रबंधासाठी ज्यांच्याशी बोलली होती त्या बायका आता उरल्या नव्हत्या. त्यांतल्या एकीची मुलगी भेटली. ती स्कूटरला बाटल्या टांगून जामू विकते. तिच्या पायरीवर मुर्नी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली, तर भर उन्हात स्क्रीनवर काहीच दिसेना. एवढ्या चौकशा करूनही हे विरात्नोला सुचलं नव्हतं. त्याने त्या घरातूनच एक छत्री मागून घेतली आणि मुर्नीच्या डोक्यावर धरून उभा राहिला.

"आई केव्हा उठायची हो तुमची?" मुर्नीने विचारलं.

"कोंबडा आरवायच्या आधी," ती बाई हळदीच्या जामूचे दोन पेले भरत म्हणाली. "आधी आलं कुटायची. त्या आवाजानेच आम्हाला जाग यायची."

मुर्नीची बोटं चालू झाली. विरात्नोने छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि आपला पेला तोंडाला लावला.