निकामी ठरल्यानंतरची ऊब

मी एक जुना वॉर्मर आहे, आणि सरकारी कागदांच्या मते गेल्या वर्षीच्या मार्चपासून मी निकामी आहे. मित्रांनो, अशक्त बाळ जन्मलं की त्याला ज्या यंत्राखाली उबेला ठेवतात, तो मी. वर दोन तापणाऱ्या कांड्या, खाली छोटी गादी. घनसावंगी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात माझं आयुष्य गेलं. तिथल्या नर्स वंदना सिस्टर मला रोज पुसायच्या आणि आल्यागेल्याला सांगायच्या, "जपून हात लावा, लई लेकरं वाचवलीत ह्यानं." मला ते ऐकायला फार आवडायचं, उगाच कशाला लपवू?

मग माझी एक कांडी कुरकुरू लागली आणि माझे हाल सुरू झाले.

सरकारचा पैसा सगळ्यांचा असतो, म्हणून तो कप्प्याकप्प्यांनी येतो. औषधाचा औषधालाच, खरेदीचा खरेदीलाच. मार्चअखेर उरेल तो परत जातो. त्या मार्चमध्ये खरेदीचा पैसा शिल्लक होता, पण जुनं यंत्र निकामी ठरल्याशिवाय नवं घेता येत नव्हतं. पैसा परत जाऊ नये म्हणून वंदना सिस्टरांनी घाईघाईत मला निकामी लिहून सही केली. मी तर चालू होतो! मला राग आला, पण त्यांना नवा वॉर्मर हवा होता तोही लेकरांसाठीच. निकामी यंत्राच्या दुरुस्तीवर मात्र खर्च करता येत नाही. माझी कांडी तशीच राहिली, आणि दुसरं यंत्र नसल्याने लेकरं माझ्याखालीच येत राहिली.

मार्चमध्येच पैसे भरून मागवलेला नवा वॉर्मर दिवाळीनंतर आला आणि व्हरांड्यात खोक्यातच राहिला. तपासणी समितीने पाहिल्याशिवाय खोकं फोडायचं नाही, हाही नियमच. समितीला सवड मिळेना.

जानेवारीतल्या एका गारठ्याच्या सकाळी राजनंदिनी बाळंत झाली. बाळ दिवस भरण्याआधीच आलेलं, एवढंसं, पाय निळे पडलेले. सिस्टरांनी त्याला माझ्याखाली ठेवलं. त्याला मोठ्या दवाखान्यात नेणारी गाडी अंबडहून निघाली होती. राजनंदिनीला आत टाके घालत होते, म्हणून माझ्याजवळ तिची सासू सोनूबाई उभी होती. तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. लिलावात मला भंगार म्हणून घेणारा मिथुन आला, आणि मला त्याच्या ताब्यात द्यायला तालुक्याचे लेखापाल भालचंद्र आले.

"साहेब, पैसे भरून बसलो मी," मिथुन म्हणाला. "जल्दी सोडा, टेम्पोचं भाडं चढून राह्यलं."

"गाडी येऊस्तोवर वायर काढू देणार न्हाई," वंदना सिस्टर आडव्या उभ्या राहिल्या.

भालचंद्रांचा चेहरा उतरला. "सिस्टर, निकामी म्हणून सही तुमचीच आहे. अशा यंत्राखाली बाळाला काही झालं तर काय उत्तर देणार?"

सिस्टरांनी माझी वायर मुठीत धरून ठेवली. वायर निघाली तर बाळाचं काय, एवढंच मला दिसत होतं.

"साहेब, कागदाचं मला कळत न्हाई," सोनूबाई म्हणाल्या. "तुम्ही हात तर लावून बघा."

भालचंद्रांनी बाळाशेजारी तळहात धरला. "गरम आहे," ते हळूच म्हणाले. मिथुनही पुढे येऊन वाकला आणि टेम्पोचं भाडं विसरला.

आणि नेमकी तेव्हाच माझी दुखरी कांडी विझली. मी दुसरीवर सगळा जोर लावला, मित्रांनो, पण तीही मंदावली. कोणाच्या लक्षात आलं नाही. भालचंद्रांचा हात मात्र अजून तिथेच होता.

"हे थंड होतंय," ते म्हणाले. "ब्लेड द्या मला."

"समितीआधी खोकं फोडलं तर हिशेब तपासताना आक्षेप निघंल, साहेब," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या पगारातून वसुली लावतील."

"लावू द्या. फोडणारा म्हणून माझं नाव लिहा."

सोनूबाईंनी बाळाला उघड्या छातीशी धरून वरून लुगड्यात गुंडाळलं. मिथुनने खोकं उचलून आत आणलं. भालचंद्रांनी ते फोडलं आणि सिस्टरांनी नव्या वॉर्मरची वायर लावली. भालचंद्रांनी त्याच्याखाली हात धरून पाहिला, मगच बाळ ठेवू दिलं. गाडी पोहोचली तेव्हा पाय गुलाबी झाले होते आणि बाळ चांगलं ठणाणा रडत होतं.

दुपारी मला टेम्पोत चढवलं. मी अजून कोमट होतो.

आता मी तीर्थपुरीच्या रस्त्यावर मिथुनच्या भंगारात आहे. त्याने मला अजून मोडलेलं नाही. परवा सोनूबाई नातवाला घेऊन बाजाराला निघाल्या होत्या, त्यांनी थांबून त्याला मला दाखवलं. भालचंद्रांवर आक्षेप निघाला आहे आणि ते त्याला उत्तरं देत आहेत, हेही सोनूबाईंकडूनच कळलं.

मित्रांनो, हिशेबाचे नियम वाईट नसतात. ते नसते तर माझ्यासारखं यंत्र तुमच्या गावापर्यंत पोहोचलंच नसतं, पैसा वाटेतच मुरला असता. उद्या तुमच्यापैकी कोणी तो हिशेब लिहायला बसेल. तेव्हा कुणालाही निकामी लिहिण्याआधी एकदा उठा, त्याच्यापर्यंत चालत जा आणि हात लावून बघा.