सतरा इंची गळा

पोलिसांचे कपडे शिवणाऱ्या माणसाला पोलिसांची किळस येऊ लागली, की त्याची मोठी पंचाईत होते. कारण त्याला रोज त्यांच्या बगलेखालून टेप फिरवावी लागते. मास्तरचं गेले आठ महिने असंच चाललं होतं. मास्तर म्हणजे शिंपी. ठाण्याच्या समोर दुकान, दोन मशीन, एक लांब टेबल आणि आरसा. बावीस वर्षं अख्ख्या ठाण्याच्या वर्द्या त्याने शिवल्या होत्या, आणि त्याची त्याला चांगलीच ऐटही होती. आठ महिन्यांपूर्वी त्याच ठाण्यातल्या माणसांनी त्याच्या धाकट्या भावाला गोळ्या घातल्या.

धाकट्याला सगळे काडी म्हणत. अंगावर मांस म्हणून नव्हतंच. नोकरी पाणीखात्यात, नळांच्या पाण्याचे नमुने तपासायचे आणि घरी यायचं. पण घरी तो टिकायचा कुठे? पोलिसांनी चौकशीला म्हणून नेलेली आणि परत न आलेली माणसं होती, त्यांच्या घरोघर तो जायचा. कोणत्या दिवशी नेलं, कोणी नेलं, गाडीचा नंबर काय, सगळं लिहून घ्यायचा. एकतीस नावं झाली तेव्हा त्याने ती यादी छापली आणि थेट ठाण्याच्या भिंतीवर चिकटवली.

"नसती उठाठेव कशाला करतोस?" मास्तर त्याच्यावर ओरडला होता. "माझं दुकान समोर आहे, निदान एवढं तरी बघ."

"दादा, तू त्यांची मापं घेतोस, मी त्यांनी नेलेल्यांची नावं घेतो," काडी हसत म्हणाला होता. "आपलं दोघांचं गिऱ्हाईक एकच."

त्यानंतर तीन आठवड्यांनी सरकारचं निवेदन आलं. सदर इसमाने पुलाजवळ पोलिसांवर गोळीबार केला, पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, ती त्याच्या छातीत लागली. काडीच्या हातात मास्तरने उभ्या जन्मात सुरीसुद्धा पाहिली नव्हती. पेरू खायचा तोही दातांनी तोडून. प्रेत बंद पेटीत आलं, पेटी उघडायची नाही असा हुकूम आला, आणि दोन तासांत सगळं उरकलं. शवागारातल्या एका बाईने तेवढं काडीच्या बायकोच्या कानात सांगितलं होतं, की छातीवर काही नव्हतं, जे होतं ते मानेच्या मागे होतं. त्या बाईची आठवड्यात बदली झाली, ती कुठे झाली ते कुणालाच कळलं नाही.

ओरड फार झाली तेव्हा सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोग म्हणजे एक निवृत्त न्यायमूर्ती, एक सचिव, एक टायपिस्ट बाई आणि टेबलावर पाण्याच्या बाटल्या. प्रेत नाही, शवागारातली बाई नाही, आणि वैद्यकीय अहवाल फायलीतून गहाळ झालेला. उरला होता फक्त काडीचा शर्ट. तो ओळखायला मास्तरला बोलावणं आलं.

आदल्या दिवशी दुपारी ठाण्याचे साहेब स्वतः दुकानात आले. हे साहेब म्हणजे त्या दिवशी पुलावर हजर असलेल्या तुकडीचे प्रमुख. दुकानात आले की ते आधी आरशात बघत, मग मास्तरकडे.

"मास्तर, उद्या फार लांबड लावू नका," ते केस नीट करत म्हणाले. "तुमचं लेबल आहे शर्टावर. ओळखा, सही करा, मोकळे व्हा. झालं ते वाईटच झालं, पण तुम्हाला या गावात राहायचंय ना?"

मग जाता जाता त्यांनी मास्तरच्या पाठीवर थाप मारली. मास्तरने शर्ट काढून बादलीत टाकला आणि साबणाने पाठ घासून काढली. तरी ती थाप काही जाईना.

आयोगाचं कामकाज एका शाळेच्या सभागृहात चाले. मागच्या बाकांवर त्या एकतीस घरांतली माणसं बसत, पुढे काडीची बायको. साहेब भिंतीकडेला खुर्चीवर पाय पसरून बसले होते. सचिवाने प्लास्टिकच्या पिशवीतून शर्ट काढून टेबलावर ठेवला. पुरावा क्रमांक नऊ. निळा शर्ट, डाव्या छातीवर भोक, भोकाभोवती सुकलेला तपकिरी डाग.

"हा शर्ट तुम्ही शिवलेला आहे का?" न्यायमूर्तींनी विचारलं.

मास्तरने शर्ट हातात घेतला. कॉलरवर त्याच्या दुकानाचं लेबल होतं. टाकेही त्याचेच.

"हो साहेब, माझ्याच हातचा," तो म्हणाला, आणि शिंप्याच्या सवयीने त्याने शर्ट खांद्यांना धरून समोर उचलला. मग त्याचे हात तिथेच राहिले.

उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच उतरता कापलेला होता. पोटाजवळ, दोन बटणांच्या मध्ये, आतून एक चोरबटण लावलेलं होतं. ढेरी सुटलेल्या माणसाचा शर्ट बसल्यावर फाकतो, बनियन दिसतं, म्हणून मास्तरने काढलेली ही युक्ती. गावात एकाच माणसासाठी त्याने ती केली होती. तो माणूस भिंतीकडेला पाय पसरून बसला होता.

आता मास्तरला सगळा प्रकार समजला. यांना लेबलवाला शर्ट हवा होता. खरा शर्ट दाखवण्यासारखा नव्हता, कारण त्याचं रक्त मागे कॉलरला होतं, तेव्हा साहेबांनी घरच्या कपाटातून आपलाच एक जुना काढून दिला, त्याला भोक पाडलं, कुठल्यातरी जनावराचं रक्त फासलं, आणि झाला पुरावा तयार. नवा शिवून घ्यायचीही तसदी घेतली नाही. शिंपी फार तर लेबल ओळखेल, एवढीच त्यांची समज. ज्याला बावीस वर्षं आपलं पोट मोजू दिलं, त्याला ते पोट पाठ असेल, हे त्या डोक्यात शिरलंच नाही. मास्तर मनात म्हणाला, भावाला मारलंत ते मारलंत, आणि वर तुमचा घामाचा शर्ट त्याच्या नावावर चढवलात?

"साहेब, मला हा मोजू द्या," तो म्हणाला. टेप त्याच्या गळ्यात होतीच. ती काढून ठेवायची सवयच नव्हती. कुणी नको म्हणायच्या आत त्याने शर्ट टेबलावर पसरला. "गळा सतरा इंच. छाती चव्वेचाळीस. पोट सेहेचाळीस. माझ्या भावाचा गळा साडेचौदा आणि छाती चौतीस. या शर्टात माझे दोन भाऊ मावतील. हा शर्ट त्याचा नाही. ज्याचा आहे तो जिवंत आहे, आणि इथेच बसलाय."

सभागृहात कुजबुज वाढली. साहेबांनी पाय आत घेतले.

"त्यांना घालायला सांगा!" मागच्या बाकावरची एक म्हातारी ओरडली. "घालून दाखवू दे की!"

"शांतता राखा," न्यायमूर्ती म्हणाले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "साक्षीदाराने विचारलेल्या प्रश्नापुरतंच बोलावं. शर्ट तुम्ही शिवलाय?"

"शिवलाय, पण—"

"घ्या लिहून," ते टायपिस्ट बाईला म्हणाले. त्या बाईने एकदा मास्तरकडे पाहिलं, मग मान खाली घालून एकच ओळ टाइप केली.

मास्तर सही करीना. सचिव मात्र मोठा गोड माणूस. त्याने मास्तरला बाजूला घेतलं, पाणी दिलं. "अहो, ओळ खोटी आहे का? शर्ट तुम्हीच शिवलात ना? मापांचं वेगळं निवेदन द्या लेखी, मी स्वतः जोडतो." ओळ खोटी नव्हती. खऱ्या वाक्याखाली सही केली तर काय बिघडणार आहे, असं मास्तरला वाटलं. त्याने सही केली. दुसऱ्या दिवशी मापांची तीन पानं लिहून दिली, शिक्का मारून पोच घेतली, आणि येऊन काडीच्या बायकोला सांगितलं, की आता ते सुटत नाहीत.

चार महिन्यांनी अहवाल आला. काडीच्या बायकोने तो दुकानात उभ्यानेच वाचून दाखवला. "मयताच्या अंगावरील शर्ट त्याच्या सख्ख्या भावाने निःसंशय ओळखला आहे. शर्टावरील छिद्रावरून गोळी समोरून लागल्याचे सिद्ध होते. सबब पोलिसांचे म्हणणे ग्राह्य धरण्यात येत आहे." तीन पानांचा कुठे पत्ता नव्हता. काडीने पोलिसांवर गोळी झाडली, हे आता मास्तरच्या सहीनिशी छापलेलं होतं.

मास्तर मागच्या मोरीवर गेला आणि ओकला. तोंड पुसत परत आला तेव्हा ती तिथेच उभी होती.

"मी परत साक्ष देतो," तो म्हणाला.

"कोणापुढे, भाऊजी?" तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. "आयोग बरखास्त झाला. न्यायमूर्तींना कुठल्यातरी महामंडळावर घेतलंय. साहेबांना बढती. कोणापुढे देणार?"

ती गेली. मास्तरने साहेबांच्या नव्या वर्दीचं आलेलं कापड घडी करून दाराबाहेर पायरीवर ठेवलं, म्हणजे ज्याचं त्याने न्यावं.

दुपारी एक बँकेतले गृहस्थ पँट शिवायला आले. कमरेला टेप लागलेला माणूस हलत नाही, हे मास्तरला पक्कं ठाऊक होतं. त्याने टेप लावली आणि बोलायला सुरुवात केली. गळा सतरा, छाती चव्वेचाळीस, पोट सेहेचाळीस, उजवा खांदा अर्धा इंच उतरता, आणि हा शर्ट माझ्या भावाचा नव्हता. गृहस्थ पांढरेफटक पडले. "नंतर येतो" म्हणून टेप सोडवून घेतली आणि रस्त्याला लागले. पायरीवरचं कापड ओलांडताना ठेचकाळलेही.

दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळच्या आत आलं. बाहेरगावचा ट्रक ड्रायव्हर होता, त्याला शर्ट हवा होता. मास्तरने त्याच्या खांद्यावर टेप टाकली आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, सहीसकट. ड्रायव्हर हात ताठ धरून उभा होता. माप संपलं तरी त्याने हात खाली घेतले नाहीत.

"आमच्याकडे चप्पल दाखवली होती," तो आरशाकडे बघत म्हणाला. "माझ्या मेहुण्याची म्हणून. बहीण म्हणाली, नऊ नंबरची आहे, हे सात घालायचे. त्यांनी लिहून घेतलं, बायकोने चप्पल ओळखली."

मास्तरने टेप खाली ठेवली आणि त्याच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

"बसा," तो म्हणाला. "नाव सांगा मेहुण्याचं. कोणत्या दिवशी नेलं?"