बेचाळीस नावं, न विचारता

मोतीलाल आबांनी उभ्या आयुष्यात लग्नपत्रिका छापल्या. त्यांच्या छापखान्यातून पत्रिका गेली नाही असं घर शिंदखेड्यात शोधून सापडायचं नाही. या धंद्याने त्यांना एकच शहाणपण शिकवलं होतं: पत्रिकेत चार नावं जास्त झाली तर कुणी मरत नाही, पण एक सुटलं तर तीन पिढ्या बोलणं बंद. आत्याच्या दिराचं नाव राहिलं म्हणून ऐन हळदीच्या दिवशी पत्रिका पुन्हा छापून दिल्याचं त्यांना आठवत होतं. तेव्हा त्यांच्या लेकीने, पुनमने, धुळ्याच्या कृषी प्रदर्शनासाठी पत्रक छापायला सांगितलं आणि सोबत निमंत्रणं धाडायला, तिचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या बेचाळीस जणांची यादी दिली, तर आबांनी दुसरं काय करावं? पत्रकाच्या मागच्या बाजूला ‘आमचे स्नेही वापरकर्ते’ असा ठसठशीत मथळा देऊन बेचाळीसच्या बेचाळीस नावं छापून टाकली. गावासकट, मानाप्रमाणे, मोठ्यांची आधी.

सगळ्यात वर होतं ‘तापीकाठ फ्रूट्स, जळगाव’.

पुनमने ते पाहिलं पहिल्या दिवशी, शनिवारी सकाळी, स्टॉलवर गठ्ठे सोडताना. तोवर आबांनी गेटवर उभं राहून दोनशे पत्रकं वाटलीही होती.

“आबा, हाई काय करं तुम्ही? कोनले इचारं व्हतं का?”

“नाव छापाले काय इचारनं?” आबा खरोखरच गोंधळले. “नाव सुटनं ते माणूस तुटना, पोरी. छापं म्हणीसन आजवर कोन तुटना?”

पुनमचं सॉफ्टवेअर केळी पिकवण्याच्या खोल्यांसाठी होतं. या खोल्यांतलं तापमान सतरा अंशांच्या आसपास राखावं लागतं. ते चढलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर खोलीभर माल वाया. तिचं सॉफ्टवेअर खोलीवर नजर ठेवायचं आणि तापमान हललं की मालकाच्या फोनवर बोंब ठोकायचं. ते तिने सगळ्यांना खुलं ठेवलं होतं. कुणीही घ्यावं, आतलं वाचावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. पैसा नाही, परवानगी नाही. तिचं पोट चालायचं ते बसवून देण्यावर आणि अडल्यावेळी धावून जाण्यावर. ते काही धड चालत नव्हतं. पुण्याच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती, सोमवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. प्रदर्शनही सोमवारीच संपणार होतं. तोवर वर्षभराचं काम जमलं तर शिंदखेड्यातच राहायचं, नाहीतर बॅग भरायची, असं तिने ठरवून टाकलं होतं. आणि ती गेली की त्या सॉफ्टवेअरला वाली उरणार नव्हता.

तापीकाठवाले तेच सॉफ्टवेअर चाळीस खोल्यांत वापरत. तिला हे कळायला काही हेरगिरी करावी लागली नव्हती. अडलं की त्यांचे ऑपरेटर तिलाच फोन करत आणि ती बिचारी सांगतही असे. यादीत त्यांचं नाव आलं ते तसंच. साहेबलोकांनी मात्र त्यावर आपलं बोधचिन्ह चिकटवलं होतं आणि ‘आमच्या तज्ज्ञांनी घडवलेली यंत्रणा’ म्हणून ती दिल्लीच्या व्यापाऱ्यांपुढे मिरवली होती. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! पुनमला ते झोंबायचं. पण खुलं ठेवलंय तर कुणी कसं मिरवावं यावर आपण किती भांडायचं, असं म्हणून ती गप्प बसली होती.

दुपारी तापीकाठचा मॅनेजर धर्मेंद्र स्टॉलवर हजर झाला. हातात पत्रक, चेहऱ्यावर आठ्या.

“आमचं नाव कुणाला विचारून छापलं, मॅडम?”

“कुणालाच नाही. चूक आमची. आजच काढते.”

भांडायला आलेल्या माणसाला समोरच्याने चूक कबूल केली की त्याची पंचाईत होते. धर्मेंद्रने बॅगेतून टाइप केलेला कागद काढला. “नाव काढून भागणार नाही. लोकांनी वाचलंय. यावर सही करा.”

कागदावर लिहिलं होतं: ‘तापीकाठ फ्रूट्स यांनी आमचे सॉफ्टवेअर कधीही वापरलेले नाही. त्यांचे नाव खोटेपणाने छापल्याबद्दल क्षमस्व.’

“सही केलीत तर आमच्या चाळीस खोल्यांची वर्षभराची देखभाल तुमच्याकडे,” तो आवाज खाली आणून म्हणाला. “बाहेर वाच्यता मात्र नको. नाही केलीत तर आमचे वकील बोलतील.”

“म्हणजे तुम्ही कधीच न वापरलेल्या सॉफ्टवेअरची मी वर्षभर देखभाल करायची?”

“शब्दांत पकडू नका. सोमवारी येतो.”

तो गेल्यावर पुनमने काळे मार्कर आणले आणि नावं खोडायला बसली. एक नाही, बेचाळीसही. तापीकाठवाले मोठे म्हणून त्यांना विचारायचं आणि बाकीच्यांना गृहीत धरायचं, हे तिला पटेना. आबांचा हात मात्र चालेना. “जित्ता माणूसनं नाव खोडाले लावस तू,” ते पुटपुटले आणि रेघ ओढताना त्यांनी दरवेळी मान फिरवली. मग पुनमने बेचाळीस जणांना निरोप धाडला: तुमचं नाव न विचारता छापलं, माफ करा, आता खोडलंय, तुम्ही स्वतः सांगितलंत तरच पुन्हा येईल.

रविवार तिचा वाईट गेला. स्टॉलवर लोक यायचे, पत्रक उलटायचे, काळ्या रेघा बघून विचारायचे, “हे काय? पळून गेले का सगळे?” आणि पुढच्या स्टॉलवर जायचे. तो कागद तिने चारदा वाचला. एका सहीत वर्षाचं काम होतं. पुणं टळलं असतं, आबांजवळ राहता आलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. मोह झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. पण पाचव्यांदा वाचताना तिला संताप आला. आपणच केलेलं काम आपण केलं नाही असं आपल्याच हाताने लिहून द्यायचं, आणि वर क्षमस्व! तिने कागद घडी घालून बाजूला ठेवला.

सोमवारी सकाळी शिरपूरहून सुंदरबाई आल्या. त्यांच्या दोनच खोल्या. हातात खोडलेलं पत्रक, कुणीतरी गावात नेऊन दिलेलं.

“काय व पोरी, मन्हं नाव काबर खोडं? मी काय चोरी करेल शे का?”

“अक्का, तुम्हाला विचारलं नव्हतं म्हणून...”

“मंग आते इचार! बठ्ठा गावले माहीत शे, मी हाईच वापरस. आण ती वही.” आणि त्यांनी पुनमच्या वहीत, जोर लावून, स्वतःच्या हाताने नाव लिहिलं.

त्यांच्यामागून फोन सुरू झाले. कुणी रागावलेलं, कुणी हसत. दोघांनी मात्र सांगितलं, आमचं नको, भाऊबंदकीत उगाच चर्चा. पुनमने त्यांचे आभार मानले आणि आबांना बजावलं, ती दोन नावं आता स्वप्नातसुद्धा छापायची नाहीत. दुपारपर्यंत वहीत एकोणीस नावं झाली. आबा ती वही येणाऱ्याजाणाऱ्याला उघडून दाखवत होते.

चारच्या सुमाराला धर्मेंद्र आला. “झाली सही?”

“नाही. होणारही नाही,” पुनम म्हणाली. “तुमचं नाव काढलंय. वापरता हे सांगायचं की नाही, तुमचा प्रश्न. मी कुठे बोलणार नाही. पण वापरत नाही असं खोटं माझ्या हातून लिहून मिळणार नाही.”

“वकिलाची नोटीस आली की कळेल.”

“येऊ द्या. उत्तरात खरं तेच लिहीन.”

तेवढ्यात चाळीसगावचे तोताराम नाना मध्ये शिरले. नाना बारा नव्या खोल्या बांधत होते आणि त्यांच्या हातात पहिल्या दिवशीचं, न खोडलेलं पत्रक होतं. “पोरी, एकच सांग,” ते वरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले. “हाऊ मोठा कारखाना खरंच तुन्हं वापरस का?”

आबांनी तोंड उघडलं. पुनमने हाताने त्यांना थांबवलं.

“नाना, त्यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही. हे त्यांचेच मॅनेजर साहेब. यांनाच विचारा.”

नाना वळले. सुंदरबाई वळल्या. शेजारच्या स्टॉलवाल्यानेही मान लांब केली. हो म्हणावं तर दिल्लीत मिरवलेलं उघडं पडणार. नाही म्हणावं तर ते चार माणसांत, तोंडावर, स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. धर्मेंद्रने फोन कानाला लावला. फोन वाजलाच नव्हता. “मीटिंग आहे,” असं कुणाला तरी सांगत तो निघाला.

“समजनं,” नाना म्हणाले. “मन्ह्या बारा खोल्या तूच कर.”

“नाव छापलं तर चालेल, नाना?”

“इचारस काय? मोठं छाप!”

पाच वाजता पुनमने हिशेब मांडला. वर्षाचं काम जमलं नव्हतं, नानांच्या खोल्या धरून जेमतेम सहा महिन्यांचं जमलं होतं. तिने वहीतली नावं पुन्हा एकदा वाचली, फोन काढला आणि पुण्याला कळवलं: मी येत नाही.