सत्तार मिस्त्रींची विकी आधी माझी होती

मी अकोटच्या अब्दुल सत्तार मिस्त्रींच्या घरातला टेबलावरचा कॉम्प्युटर. जुना म्हणा, खटारा म्हणा, हरकत नाही. पण त्या लॅपटॉपचं नाव माझ्यासमोर काढू नका. डोकं तापतं माझं.

दोन हजार सहा साली अकोल्याच्या एका दुकानात मला जोडलं आणि एसटीत मिस्त्रींच्या मांडीवर बसून मी अकोटला आलो. मॉनिटर त्यांच्या लेकीच्या, कहकशाँच्या मांडीवर. ती तेव्हा बारावीत होती. घरी तिच्या अम्मीनं माझ्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं. काय थाट होता बाप्पा!

मिस्त्री जिनिंगमधली, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यातली, मशीन लावायचे, तिचे भाग नेमके बसवायचे. सरकी फुटून रुईत यायला लागली, की त्यांनाच बोलावणं. पण लिहिणं म्हणाल तर शून्य, सगळं डोक्यात. कापसाचे वाईट दिवस आले, एकेक जिनिंग बंद पडलं, कारागीर सुरतेला निघून गेले. शिकणारं कोणी उरलं नाही. तेव्हा कहकशाँनं माझ्यात विकी बसवली, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पानांची वहीच. प्रत्येक गोष्टीचं एक पान. रोलरच्या पानावर ‘सुरी’ हा शब्द निळा. त्यावर टिचकी मारली, की सुरीचं पान उघडतं. रोज दुपारी बापलेक माझ्यासमोर बसायचे.

“अब्बा, सुरी किती मांगं घ्याची?”

“पयले कान लाव, बेटा. मशीन सोताच सांगते.”

“आता कानाचं पान कसं बनवू मी?”

ती चिडायची, ते हसायचे. चार वर्षं मी त्या दोघांचा लाडका होतो.

मग तो आला. काळा, चपटा, मांडीवर बसणारा! विकी त्याच्यात उतरवली आणि कहकशाँ त्याला घेऊन थेट गावात उरलेल्या जिनिंगमध्ये जायला लागली. मिस्त्री मशीनपाशी बोलणार, ही तिथंच लिहिणार. मी जन्मात जिनिंग पाहिलं नाही. मला विचारलं कोणी? जळून खाक झालो मी.

म्हणून ती नवी पानं माझ्यात उतरवायला पेन ड्राइव्ह घेऊन आली, तेव्हा मी तो ओळखलाच नाही. ओळखत होतो हो, मुद्दाम गप्प बसलो. तिनं तीनदा लावून पाहिला. “जाऊ दे, मंग करू,” म्हणत उठली. बरी जिरली, म्हटलं.

पुढं जिनिंगचे फोरमन पंजाबराव यांना लॅपटॉपची माया आली. मशीनच्या हादऱ्यानं बिचाऱ्याला त्रास नको म्हणून त्यांनी ताज्या रुईची मऊ गादी करून त्याला वर बसवलं. हवा कुठून जाणार? पोटात तंतू शिरले, तापून तापून तो कायमचा बंद पडला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

पंधरा दिवसांनी मिस्त्रींना लकवा झाला. वाचा गेली.

दसऱ्याला जिनिंगचा हंगाम सुरू होतो, त्याच्या आधी पंजाबराव घरी आले. “पोरी, यंदा मशीन तूच लाव. तुह्या बापाची जागा दुसऱ्याले द्याची इच्छा नाई माही. पन जमन का तुले?”

“जिनिंगात लिवलेली कामाची पानं सारी त्या लॅपटॉपातच होती, काका,” ती म्हणाली आणि रडायलाच लागली. खाटेवर मिस्त्रींचे ओठ हलले, शब्द काही आला नाही. पेन ड्राइव्ह नाकारून ती पानं मीच घालवली, हे फक्त मलाच ठाऊक होतं. लाज वाटली मला.

दुसऱ्या दिवशी तिनं लॅपटॉपमधली, पानं जिच्यात साठतात ती डिस्क काढली, माझं झाकण उघडलं आणि ती मलाच जोडली. ज्याचं तोंड पाहायचं नव्हतं, तोच माझ्या पोटात! ही डिस्कही ओळखू नये असं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग ओळखली. पानं उघडली. ती एकेक ओळ मोठ्यानं वाचायची, बरोबर असली की मिस्त्री तिचा हात दाबायचे.

आता जिनिंगमध्ये मशीन कहकशाँच लावते. माझा पंखा घरघरतो, सुरू व्हायला अर्धा तास घेतो मी. तिच्या अब्बांचं सगळं बोलणं माझ्या एकट्याकडे आहे आणि माझा काही भरवसा नाही. म्हणून सांगतो, पोरी, नवा लॅपटॉप घे. आजच घे, ती पानं त्याच्यात उतरव. माझा जीव जळेल. जळू दे.