साच्यातला अंगठा

कय्युमभाईंचा डावा अंगठा मी पन्नास मिनिटं मांडीवर सांभाळला. कुणी माझ्यावर विश्वास टाकून काही सांभाळायला द्यायची ती पहिलीच वेळ, म्हणून मी फार काळजी घेतली. तीच नडली.

आमचं दुकान छावणीत आहे. गेट, ग्रिल, शटर. मालक बिभीषणशेठ. ‘शेठ’ हे त्यांनी स्वतःच पाटीवर रंगवून घेतलंय, रंग दुकानातलाच होता. कय्युमभाई तिथले मिस्त्री, सव्वीस वर्षांपासून. आणि मी गोकुळ, वेल्डर, आयटीआय पास, गंगापूरकडचा. माझ्या घरी मेंढरं. मी लोखंडाकडं वळलो, कारण लोखंड रात्रीतून कुणाच्या शेतात जात नाही.

लोखंड कापायच्या ग्राइंडरला एक गार्ड येतं. पत्र्याचं, अर्ध्या ताटलीएवढं. चकती फुटली किंवा मशीन उसळलं, तर चकती आणि माणूस यांच्यामधे तेवढंच असतं. आमच्याकडं नवीन मशीन आलं की नारळ फुटायच्या आत गार्ड निघायचं. कारण चार इंची मशीनला आम्ही पाच इंची चकती लावायचो आणि ती गार्डात मावायची नाही. मोठी चकती जास्त दिवस पुरते. झिजत झिजत ती चार इंची होते, तेव्हा आपोआप नियमात बसते. निघालेली गार्डं आम्ही वाया जाऊ दिली नाहीत. एकात शेठ उदबत्ती लावायचे, एकात चिमण्यांना पाणी. मशीन दोन्ही हातांनी धरता यावं म्हणून बाजूला एक मूठ येते. ती आम्ही चहाच्या पातेल्याला बसवली होती. हात भाजू नये म्हणून. सुरक्षेचं आम्हाला कळत नव्हतं असं नाही.

वायरला प्लगही नव्हता. दोन उघडी टोकं बोर्डाच्या भोकांत, आणि ती हलू नयेत म्हणून वर काडीपेटीच्या काड्या ठोकलेल्या.

त्या दिवशी नवीन मशीन आलं आणि गार्ड मी खोललं. कय्युमभाई बिडी ओढत बघत होते.

“ए गोकुळ, रहने दे वो. नया है, लगा के काम कर.”

“भाई,” मी म्हणालो, “तुमचं लग्न झालं तेव्हा सेहरा किती दिवस ठेवला होता तोंडावर?”

कय्युमभाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. “सेहरा!” म्हणत त्यांनी डोळे पुसले, बिडी विझवली आणि ते मशीन उचललं. माझे विनोद सहसा पडतात. हा चालला.

काम एका मंगल कार्यालयाच्या गेटचं होतं. मे महिना, दुपारी दीड. माल पकडायचा वाईस शेठनी शेजारच्या पंक्चरवाल्याला दिला होता, म्हणून पाईप दोन विटांवर आडवा ठेवला होता. कय्युमभाईंच्या उजव्या हातात मशीन, डाव्या हातात पाईप. डोळ्यांना क्रांती चौकातून घेतलेला काळा गॉगल, कारण ठिणगीला काय कळतं गॉगल कुठला आहे. आता, दोन टोकांवर टेकलेला पाईप मधे कापला की काप संपत येताना तो खाली वाकतो. फट मिटते, चकती आवळली जाते. आयटीआयमधे हे फळ्यावर काढून दाखवलं होतं. मी ते वहीत उतरवलंही होतं, पेन्सिलीनं.

चकती आवळली, मशीन उसळून मागं आलं.

कय्युमभाई ओरडले नाहीत. ते फक्त “ओ” म्हणाले. किल्ली घरात राहिली हे जिन्यात आठवल्यावर माणूस म्हणतो तसं.

मशीन त्यांच्या हातातून सुटलं, पण बंद झालं नाही. बटण दाबून धरायचा कंटाळा म्हणून खिट्टी लावलेली होती. ते फरशीवर गरगर फिरायला लागलं, ठिणग्या टाकत, एकदा माझ्याकडं, एकदा दाराकडं. माझ्या सात पिढ्यांनी जनावरं वळली, मला हे एक वळता येईना. शेवटी मी वायर ओढली. काड्यांसकट निघाली.

आवाज थांबला तसे शेठ आतून म्हणाले, “लाईट गेली का रे?”

मग ते बाहेर आले. आले ते थेट देव्हाऱ्याकडं गेले आणि हळदीची वाटी घेऊन आले.

“हळद नक्को, शेठ,” कय्युमभाई म्हणाले. भिंतीला टेकून बसले होते, चेहरा राखेसारखा. “रुमाल बांधो. कसके. और अंगूठा ढूंढो, मेरे बाप. दवाखाने में जोडते. मेरे साले का जोडे थे जालन्यात.”

रुमाल मी बांधला, हात वर धरायला लावला. मग मी आणि शेठ लोखंडाच्या भुशात गुडघ्यांवर अंगठा शोधत होतो. अंगठा प्रायमरच्या डब्यामागं सापडला. नखात लाल रंग होता. तो कालचा होता.

एवढ्यात समोरच्या लिंबाखालून कडूबाकाका धावत आले. त्यांचा मटका कुल्फीचा गाडा आहे, बावीस वर्षं तिथंच. त्यांनी परिस्थिती एका नजरेत ताब्यात घेतली.

“थंड ठेवा लागतंय त्याला. टीव्हीत दाखवतेत. आन इकडं.”

“बर्फ द्या नुसता,” मी म्हणालो.

“नुसता बर्फ? येड्या, मे महिना हाय. क्रांती चौकात जाईस्तोवर पाणी व्हईल. मंग?” त्यांनी गाड्यावरून पत्र्याचा एक साचा घेतला, आपल्या धोतरानं आतून पुसला आणि अंगठा त्यात सोडला. झाकण लावलं. झाकणाच्या कडेनं कणीक थापली, हवा जाऊ नये म्हणून. “बावीस वर्सं झाली, माझी एक कुल्फी कधी इरघळली नाय. इचार कुणालाबी.”

मी कुणालाही विचारलं नाही. त्यांनी लहान बादलीत बर्फ भरला, साचा त्यात खुपसला आणि वरून जाड मिठाच्या तीन मुठी टाकल्या. मग एक क्षण थांबून चौथी टाकली. “मिस्त्री आपला माणूस हाय.”

वर ओलं लाल फडकं गुंडाळून बादली त्यांनी माझ्या हातात दिली. “हालवत राहा. हालवलं की चांगलं गार व्हतं.”

शेठ गल्ला बंद करून मागून येतो म्हणाले. रिक्षात कय्युमभाई हात वर धरून बसले, शेजारी मी बादली हलवत.

“गोकुळ,” थोड्या वेळानं ते म्हणाले, “ये हाथ किस काम का, मालूम?”

“भाई, बोलू नका.”

“सीधा हाथ मशीन पकडता. ये माल पकडता. लोग सीधे हाथ कू देखते.” त्यांनी रुमालाकडं बघितलं. “माल कौन पकडेंगा? खाली मशीन क्या हवा काटेंगी?”

“जोडतेत भाई. तुम्हीच म्हणला ना.”

“हौ. जोडते.” मग डोळे मिटून, “जोर से मत हला. मलाई बनेगी.”

ते हसले नाहीत. मीही नाही. पण रिक्षावाला हसला, कारण त्याला आत काय आहे ते माहीत नव्हतं.

क्रांती चौकात सिग्नल लागला. शेजारी स्कूटीवर एक बाई होत्या.

“ओ कुल्फीवाले, कशी दिली?”

“विकायची नाही,” मी म्हणालो.

“मग उन्हातान्हाची रस्त्यावर कशाला काढली?”

बाईंनी मान उडवली आणि सिग्नल सुटला.

पहिल्या दवाखान्यानं पुढच्याकडं पाठवलं. पुढच्यात हाताची डॉक्टर होती, आमच्या नशिबानं जागेवर. चाळिशीची बाई, आवाज मऊ. तिनं रुमाल सोडला, जखम बघितली, किती वेळ झाला विचारलं. तासभर म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला.

“छान केलंत, लवकर आलात. काप बरा आहे, शिरा मिळतील. जोडून बघू आपण. अंगठा कुठाय?”

कय्युमभाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्यांचा मुलगा आहे आणि पहिला आलोय. मी बादली टेबलावर ठेवली, फडकं सोडलं.

“हे काय आहे?”

“साचा.”

कणीक दगड झाली होती. सिस्टरनं चिमट्यानं टोकरून बघितली, निघेना. साचा कसा उघडतात हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, म्हणून मी तो दोन तळव्यांमधे धरून गरगर फिरवला, कडूबाकाका फिरवतात तसा, झाकण उपसलं आणि साचा ट्रेवर उपडा करून बुडावर चापट मारली.

अंगठा बाहेर आला. भोवती धूर निघत होता. डॉक्टरनं चिमट्याचं टोक त्यावर मारलं.

टक्.

तिनं बोट बादलीत बुडवून जिभेला लावलं.

“मीठ कुणी टाकलं?”

“विरघळू नये म्हणून.”

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. “मिठानं बर्फ शून्याच्याही खाली जातो,” ती हळू म्हणाली. “मांस गोठतं, आतल्या पेशी फुटतात. गार ठेवायचा असतो, गोठवायचा नसतो. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचा, कापड पिशवीत, पिशवीचं तोंड बंद, आणि ती पिशवी साध्या बर्फावर. बर्फ अंगठ्याला लागता कामा नये.” मग कय्युमभाईंकडं वळली. “मी बघते. पण आशा ठेवू नका.”

कय्युमभाईंनी मान डोलावली. पाहुण्याला चहा नको असतो तेव्हा तो डोलावतो तशी.

ती तासाभरानं बाहेर आली आणि नाही म्हणाली. जखम शिवून बंद करणार होती.

तोवर कय्युमभाईंची बायको, सगीराभाभी, आल्या होत्या. त्यांच्या बोटांत शिवणाची सुई तशीच होती, दोऱ्यासकट. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की अंगठा सापडला, वेळेत पोचला. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, “सापडला होता ना रे?”

“व्हय भाभी.”

“पोचला होता ना?”

“व्हय.”

“मग?”

मी बादलीकडं बघितलं. त्यांनीही बघितलं. त्यांना काही कळलं नाही. विनोद करायला सुचत असतं तर केला असता. खोटं कशाला बोलू, एक सुचलाही होता.

मग शेठ आले, घामाघूम. आल्या आल्या म्हणाले, “भाभी, मी आधी दुकानात जाऊन मशीनला गार्ड बसवून आलो.”

सगीराभाभींनी सुई पदरात टोचून ठेवली. “अब मशीन का क्या कटनेवाला है, शेठ?”

शेठ बाकावर बसले आणि रडायला लागले. त्यांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं. ते वाईट रडतात.

कडूबाकाकांना मी अजून खरं सांगितलेलं नाही. ते रोज विचारतात, “बर्फ टिकला व्हता ना?” मी सांगतो, टिकला होता. त्यात खोटं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कय्युमभाईंना सोडलं. दवाखान्यानं अंगठा प्लास्टिकच्या डबीत दिला. शरीराचा तुकडा असा टाकायचा नसतो, पुरायचा असतो. भाभींनी पांढऱ्या कापडाचा वीतभर तुकडा कापून दिला. कय्युमभाई डावा हात गळ्यात बांधून माझ्या गाडीवर मागं बसले आणि आम्ही कब्रस्तानात गेलो.

कबर खोदणारा म्हातारा झाडाखाली दात घासत होता.

“मय्यत कहाँ है?”

मी डबी दाखवली.

“किसकी?”

“मेरी,” कय्युमभाई म्हणाले.

म्हाताऱ्यानं त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. “बाकी कब लाएंगे?”

“थोडा काम है अभी.”

म्हाताऱ्याला ते पटलं. त्यानं कय्युमभाईंच्या वडिलांच्या पायाशी जागा धरली आणि खोदायला लागला. मला वाटलं वीतभर पुरे. पण तो कमरेइतका खाली गेला, कुत्री उकरतात म्हणून. एवढ्याशा तुकड्यासाठी एवढा मोठा खड्डा. कय्युमभाईंनी गुडघ्यावर बसून पुडी स्वतः खाली सोडली. तीन मुठी माती टाकली. मग मला म्हणाले, “तू बी दे.”

मी माती दिली. आणि मग मला राहवलं नाही.

“भाई, गार्ड मी काढलं होतं.”

“मालूम. मेरे सामने निकाला ना.”

“तुम्ही नको म्हणला होता.”

“हौ. बोला था. फिर तू कुछ बोला, मेरे कू हसी आई.” ते खड्ड्याकडं बघत होते. “सव्वीस बरस में मैं कितनों कू बोला होंगा, लगा के काम कर. एक हसी आई और भूल गया. तेरी गलती है तो है. मेरी बी है. दोनों इसमें रख दे और चल.”

मला ते जमलं नाही. माझी मी घेऊनच उठलो.

बाहेर पडताना नळ होता. कय्युमभाई नळाखाली वाकले, उजवा हात धारेत धरला. मातीचा हात. पाणी वरून वाहून जात होतं, पण बोटांच्या बेचक्यात माती तशीच. त्यांनी मूठ मिटली, उघडली. मनगट फिरवलं. पुन्हा मिटली. एक हात स्वतःला धुऊ शकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनाही तेव्हाच कळलं असावं, कारण ते थांबले आणि हात तसाच पाण्यात धरून उभे राहिले.

मी तो हात घेतला. एकेक बोट धुतलं, नखातली माती काढली, मनगटापर्यंत. पाणी बंद केलं आणि माझ्या शर्टाला पुसला. त्यांनी तो ओढून घेतला नाही.

“जखम भरे तक दो महिने तेरे कू माल पकडना है,” ते म्हणाले. “मैं काटूंगा. पकडता आता ना तेरे कू?”

“येतं.”

“नहीं आता,” ते म्हणाले आणि गाडीकडं चालायला लागले.