रिकाम्या बाटलीतला साबण

साथीत शाळा बंद झाल्यावर वासाचा खेळ मीच काढला. साहित्य सगळं घरातलंच: औषधाच्या धुतलेल्या बाटल्या, झाकणांना भोकं, बाहेरून वर्तमानपत्राचा कागद. आत कापसाला लवंग, कॉफी, साबण, व्हिनेगर, बुटाचं पॉलिश. डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि ओळखायचं. वास नाकातून मेंदूपर्यंत कसा पोचतो, हे आमच्या दुसरीतल्या लेकीला, भिंगरीला शिकवावं, एवढाच सुरुवातीला माझा हेतू होता.

मग वास जाणं हे साथीचं लक्षण आहे, असं सगळे सांगू लागले आणि मी खेळापेक्षा खेळणाऱ्यांकडे जास्त बघू लागले.

संशय नवऱ्यावर होता. तो औषधाच्या दुकानात काउंटरवर असतो. खोकणारी माणसं दिवसभर समोर. अलीकडे तो लवंगेला कॉफी म्हणायचा, नाहीतर सरळ ‘पास’. आणि घरात सासरे. अण्णांचं एक फुप्फुस जुन्या आजारात निकामी झालेलं. त्यांना संसर्ग झाला तर काय होईल, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

सकाळी मी मुद्दाम दूध करपवलं आणि त्याच दुधाचा चहा नवऱ्यापुढे ठेवला. डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासणं हेच माझं काम. करपलेलं दूध मला दारातूनच कळतं. तो माझ्याकडे बघत बघत सगळा कप प्यायला.

“कसा झालाय?”

“छान.”

पण एका चहावरून निष्कर्ष काढणं बरं नव्हे. संध्याकाळी मी आणखी एक बाटली तयार केली. तिच्यात नुसता कोरडा कापूस. नवऱ्याला खिडकीशी, लांब बसवलं आणि भिंगरीला अण्णांजवळ. अण्णांचे हात थरथरतात, म्हणून त्यांची बाटली रुमाल न बांधता तीच धरायची. या जोडीला कुणी हरवूच शकत नव्हतं.

“सूनबाई, आज तरी जरा अवघड काहीतरी काढ,” अण्णा म्हणाले. “जिंकून जिंकून कंटाळलो बुवा आम्ही.”

रिकामी बाटली मी आधी नवऱ्याच्या नाकाशी धरली.

“यात काही नाहीये.”

“नीट बघ.”

“अगं, आता नाक काढून आत टाकू का?”

ज्याला वास येत नाही तोही हेच म्हणेल. मी लगेच दुसरी बाटली पुढे केली. त्याने मान झटकन मागे घेतली. “व्हिनेगर! नाक जाळतेस का माझं?”

मी चक्रावले. मग तो चहा?

रिकामी बाटली फिरत अण्णांपाशी गेली. भिंगरीने नेहमीसारखी आधी स्वतः हुंगली. थांबली. पुन्हा हुंगली. माझ्याकडे चोरून पाहिलं. मग बाटली अण्णांच्या नाकाशी धरून दुसऱ्या हाताने त्यांचा तळवा ओढला आणि त्यावर बोट फिरवलं. तळव्याशी हा चाळा मी रोज बघत होते. लाडात आलीय, असं समजत होते.

“साबण!” अण्णा ठणकावून म्हणाले.

नवऱ्याने डोळ्यांवरचा रुमाल खाली ओढला.

“काय, जिंकलो ना?”

मी त्यांचा रुमाल सोडला. “अण्णा, बाटली रिकामी आहे.”

भिंगरीचा बांध फुटला. “मी पहिलं अक्षर काढून देते हातावर. आज कसलाच वास नव्हता, म्हणून असाच ‘सा’ काढला. आजोबांना वासच येत नाही. त्यांनी शप्पथ घातलीय. तुला कळलं की तू त्यांना दवाखान्यात ठेवशील, आणि तिथे कुणाला भेटू देत नाहीत!”

“पोरीला बोलू नकोस,” अण्णा म्हणाले. “समोरचा शिंपी गेला तो स्वतःच्या पायांनी चालत गेला होता, सूनबाई. परत आला का? आणि मला कुठे धाप... धाप लागतेय?”

वाक्याच्या मधेच त्यांनी श्वास घेतला होता.

नवऱ्याने त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा माझ्याकडे वळवला आणि गाडीची किल्ली उचलली. भिंगरी धावली तेव्हा मी तिला फ्रॉकला धरून मागे ओढलं. “लांब थांब गं, भिंगरे,” अण्णाच म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

अण्णा गाडीत बसल्यावर नवरा मास्क आणि चार्जर न्यायला वर आला.

“मला वाटलं तुझाच वास गेलाय,” तो म्हणाला. “करपलेला चहा दिलास. म्हणून बघत होतो तुझ्याकडे.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू बोललीस?”

“आणि ते पास?”

“पोरगी जिंकावी म्हणून.”

तासाभराने त्याचा फोन आला. दाखल करून घेतलं होतं, ऑक्सिजन लावला होता. आणखी उशीर चालला नसता, असं डॉक्टर म्हणाले. पुढचं सकाळी कळणार होतं.

भिंगरी गुडघ्यात डोकं घालून कोपऱ्यात बसली होती. “तू चिटिंग केलीस. रिकामी बाटली ठेवतात का कुणी?”

माझ्याकडे या प्रश्नाचं अगदी शास्त्रशुद्ध उत्तर होतं. ते मी दिलं नाही. मास्क लावून व्हिनेगरची बाटली घेतली आणि हात लांब करून तिच्यासमोर धरली.

“डोळे मीट. कसला वास आहे?”

तिने डोळे मिटले आणि ओठही. “सांगणार नाही.”

“भिंगरी.”

“सांगणार नाही म्हणजे नाही!”

बोलता बोलता तिचं नाक आक्रसलं. तिने तोंड बाजूला फिरवलं.

“बरं,” मी म्हटलं, “नको सांगूस.”