हळदीला थोरली कोण

मांडवात शिरल्या शिरल्या कोरियाच्या पाहुणीने कमरेत वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "आजी, उमर कितनी?"

गोदूबाईचा पोह्यांचा घास हातातच राहिला. "आली नाय तं वय इचारते! दात पण मोजून बघ म्हणावं."

तिची नात हर्षला, आजची नवरी, हसत पुढे आली. पाहुणी सूजिन मोहोपाड्याकडच्या कंपनीत तिच्याबरोबर कामाला. "आजी, त्यांच्यात आधी वयच विचारतात. थोरलं कोण ते कळल्याशिवाय कुणाशी कसं बोलायचं, कुणाला आधी वाढायचं, हेच ठरत नाय."

थोरलं म्हटल्यावर गोदूबाईचे कान उभे राहिले. पन्नास वर्षं ती या घरात धाकटी होती. जन्म तिचा आधीचा, पण नवरा धाकटा, म्हणून जाऊ सोनुबाई थोरली. आणि घरातल्या हळदीचा पहिला हात कायम थोरलीचा. पोटच्या लेकांच्या वेळीही गोदूबाई ओठ चावून बाजूला उभी राहिलेली. आज नातीच्या गालाला तरी पहिली हळद आपली लागावी, एवढंच तिला हवं होतं. "मंग आज पयली हळद माझी. थोरली मी हाय!" ती म्हणाली.

"कशाला भांडायचं? आधार कार्ड बघा," सकाळपासून नुसत्या पाण्यावर असलेली सोनुबाई हळद कालवता कालवता म्हणाली. "दोघींची तारीख एकच. एक जानेवारी. साल पण तेच."

"ती त्या आधारच्या कॅम्पातल्या पोराची करणी! ज्याला तारीख ठाऊक नाय त्याला एक जानेवारी. अख्खा गाव एकाच दिवशी जन्मला म्हणं. सुईणीचे काय हाल झाले असतील!"

हर्षलाने हे समजावून सांगताच सूजिनने टाळीच वाजवली. त्यांच्या जुन्या मोजणीतही एक जानेवारीला सगळा देश एकदम एका वर्षाने मोठा होतो. शिवाय मूल जन्मतं तेच एक वर्षाचं. सरकारने आता ही मोजणी बंद केली, पण सूजिनची आजी काही ऐकत नाही.

"जन्मताच एक? म्हंजे पोटातले दिवस धरले. आईचं ओझं कुणीतरी मोजलं बाय!" गोदूबाई खूश झाली. "सरकारचं ऱ्हाऊ दे सरकारकडं. पोरी, माझं मोज. मी भाताच्या झोडणीतली, डिसेंबरची. ही माझ्यामागून, म्हाशिवरात्रीची."

सूजिनने बोटांवर मोजलं. गोदूबाई जन्मली, एक. लगेच जानेवारी आला, दोन. मग सोनुबाई जन्मली, एक.

"ऐकलंस का गं? दोन म्हयन्यांनी न्हवं, वर्साने मोठी हाय मी!" गोदूबाई उठली आणि तिने थेट हळदीच्या वाटीकडे हात नेला.

सोनुबाईने वाटी हळूच मागे ओढली. "थोरली तू. कबूल. पण पहिली हळद लावणारी उपाशी असते गोदे. तुझ्या हनुवटीला काय चिकटलंय?"

पोहा होता. पहिली हळद लावायची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती, तर उपासाची आठवण कुठली राहणार?

"दोन बशा खाल्ल्या तिने," तिचा नवरा गजा लांबून ओरडला. "शेव घालून!"

"तुमी गप ऱ्हावा!"

मांडव हसून हसून लोळला. गोदूबाईने एकदा नातीकडे पाहिलं, एकदा जावेच्या सुकलेल्या ओठांकडे. "लाव तूच," ती म्हणाली. "पण थोरलीला इचारून लावलीस, ध्यानात ठेव."

सोनुबाईने मूठभर हळद उचलली आणि नवरीच्या आधी गोदूबाईच्याच गालावर थापली. "घ्या थोरल्या बाय, तुमचा मान!"

"अगं भवाने!" गोदूबाई किंचाळली. आणि दुसऱ्याच क्षणी तिने हर्षलाला जवळ ओढून आपला पिवळा गाल तिच्या गालावर घट्ट दाबला.

"हात नाय लावला हां मी," दोन्ही हात वर करून ती सगळ्या मांडवाला दाखवू लागली. "बघा, कोरडे हायत!"